आमची वाटचाल : डिकीत राहणारी पिशवी

इंदूरला आमचा कापडी पिशव्या शिवण्याचा छोटा कारखाना आहे. या धंद्यात मागणी नियमांच्या तारखांवर हलते. २०१६ मध्ये प्लास्टिक पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरली, सप्टेंबर २०२१ अखेर ती ७५ झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. दर वेळी दुकानदारांच्या ऑर्डरी एकदम चढतात आणि तपासणी सैलावली की उतरतात. गिऱ्हाइकाचं कापडाशी वैर नाही. पण संध्याकाळी ऑफिसातून परस्पर भाजी घ्यायला जाणाऱ्याची पिशवी घरी दाराला टांगलेली असते.

म्हणून घडीची पिशवी हाच आता आमचा मुख्य माल. १४ बाय १६ इंच, शिवणीत ५ इंची खिसा. त्यात गुंडाळली की स्कूटरच्या डिकीत पडून राहते. कापड १४० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा मांजरपाट. पिशवी कापडात फाटत नाही, बंदाच्या जोडापाशी उसवते. नुसती आडवी टीप मारली तर बटाट्यांचं सगळं वजन एकाच ओळीवर येतं. म्हणून बंदाचं टोक दोन इंच आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली शिवतो. कोरा कपडा पहिल्या धुण्यात आटतो. तो आधी भिजवून, वाळवून मगच बेतायचा, नाहीतर बंद आणि अंग वेगवेगळं आक्रसून पिशवी वाकडी लटकते.

कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी आम्ही करत नाही. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. २०२१ च्या नियमाने तिलाही किमान ६० जीएसएम लागतात. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो.

दुकानाचं नाव छापून फुकट वाटायच्या पातळ पिशव्यांनाही आम्ही शक्यतो नाही म्हणतो. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात हिशेब आहे : एकदा वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. फुकटची पिशवी कपाटात जाते, तिथे पाच-सात आधीच असतात. लागत किमतीला विकलेली मात्र लोक सांभाळतात.

ओल्या मालाला कापड चालत नाही. दही, चटणी, पनीर यांना झाकणाचा डबाच हवा. ओल्या कोथिंबिरीसाठी जाळीची पिशवी देतो. कापडात ती घरी पोचेपर्यंत घामेजते. राहता राहिला कचऱ्याचा डबा. पूर्वी त्यात भाजीवाल्याचीच पन्नी लागायची, आता काही घरं त्यासाठी काळ्या पिशव्यांचा रोल विकत आणतात. इंदूरला ओला-सुका कचरा गाडीत वेगळाच टाकावा लागतो. ओल्याची बादली थेट उलटी करून धुतली की रोलची गरज पडत नाही.