खूणगाठ

माझी आई विसराळू नव्हती, तरी तिच्या पदराला बहुतेक वेळा एखादी गाठ असायचीच. रॉकेल आणायचे आहे, शेजारणीची वाटी परत द्यायची आहे, असे काही मनात आले की हातातले काम न थांबवता ती पदराच्या टोकाला गाठ मारी आणि ते उरकले की गाठ सोडी. पदराची गाठ पुढे करायच्या कामासाठी असते, त्यामुळे तिचे आयुष्य एखाददुसऱ्या दिवसाचे. होऊन गेलेल्या गोष्टींसाठी आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. पुण्यात गुरुवार पेठेत, पवित्र नाम देवालय या चर्चच्या मनोऱ्यावरची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर आम्ही राहत होतो, तेव्हापासून तो डबा आमच्याबरोबर फिरतो आहे. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला.

त्यात एक गंजलेली किल्ली आहे. घरमालकाने महिन्याभरात जागा सोडायला सांगितली, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका विधवा बाईंनी आपल्या दोन खोल्या उघडून दिल्या आणि भाडे जमेल तेव्हा द्या म्हणाल्या, त्या खोल्यांच्या कुलपाची ती किल्ली. कुलूप केव्हाच भंगारात गेले. किल्लीशेजारी औषध मोजून द्यायची प्लॅस्टिकची टोपी आहे. ती बाबांच्या शेवटच्या दुखण्यातली, आणि बाबा त्या दुखण्यातून उठले नाहीत. ही टोपी या डब्यात कशाला, असे मी एकदा जरा रागानेच विचारले होते. आई म्हणाली, "त्या तीन महिन्यांत एक रात्रसुद्धा देवानं मला एकटीला काढू दिली नाही. कोणी ना कोणी येऊन बसायचंच." देव विश्वासू आहे हे वाक्य मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आले आहे, पण मागितलेले मिळाले नाही त्याचीही खूण जपणारी माणसे मी फार थोडी पाहिली.

बायबलच्या जुन्या करारात अशा खुणा ठिकठिकाणी आहेत. शमुवेल संदेष्ट्याने एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले आणि परमेश्वराने येथवर आपल्याला साहाय्य केले आहे असे सांगितले. त्यातला 'येथवर' हा शब्द मला फार आवडतो. पुढचे त्यात काहीच सांगितलेले नाही. मोशेनंतर इस्राएल लोकांचा पुढारी झालेल्या यहोशवाच्या काळी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, उचललेले याजक यार्देन नदीच्या पात्रात उभे राहिले, पाणी थांबले, लोक कोरड्या जमिनीवरून पार झाले. मग बारा वंशांच्या बारा माणसांनी पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर घेतला आणि ते धोंडे गिलगालात, पलीकडच्या मुक्कामी, उभे करण्यात आले. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा त्यांना सांगता यावे हा त्यामागचा हेतू. म्हणजे धोंड्याचे काम फक्त प्रश्न उभा करण्याचे. उत्तर माणसांनीच द्यायचे होते.

सांगणे संपले आणि वस्तू तेवढी उरली की काय होते, तेही त्याच ग्रंथात आहे. सर्पदंश झालेल्यांनी पाहून वाचावे म्हणून मोशेने रानात उंचावलेला पितळेचा साप लोकांनी शतकानुशतके जपला आणि शेवटी त्याच्यापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आमच्या घरात वस्तूंविषयी जो थोडा धाक होता तो यामुळेच असावा. आईने डबा कधी शोकेसमध्ये मांडला नाही. तो तांदळाच्या पिंपामागे असे, आणि तांदूळ निवडताना एखादे वेळी तिच्या मांडीवर येई.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने तो उपडा केला. किल्लीचे सांगितले, टोपीचे सांगितले. तिच्या जन्मानंतर काचेच्या पेटीतल्या अकरा दिवसांचा तिच्या मनगटाचा पट्टा मी त्यात टाकला आहे, त्याचे तर तिने दोनदा सांगायला लावले. मग तिने एक काळे, चार भोकांचे बटण उचलले आणि विचारले, "आई, हे कशाचं?"

मला ठाऊक नव्हते. बाबांच्या कोटाचे नाही, कारण तो कोट अजून आहे आणि त्याची बटणे तपकिरी आहेत. मामाला विचारले, मावशीला विचारले. कोणालाच काही आठवेना. कोणत्या तरी अडचणीतून, कोणाच्या तरी हाताने, देवाने आम्हांला बाहेर काढले होते, आणि ते सांगू शकणारी एकटी आई होती. मी विचारायला उशीर केला, याची रुखरुख मला अजून आहे.

पण यहोशवाच्या पुस्तकात, धोंड्यांच्या त्याच अध्यायात एक ओळ आहे, जिच्यावरून मी इतकी वर्षे तशीच पुढे जात होते. गिलगालातल्या धोंड्यांखेरीज त्याने आणखी बारा धोंडे यार्देनेच्या मध्यभागी, याजकांचे पाय टेकले होते तिथेच, उभे केले. नंतर पाणी पुन्हा काठोकाठ वाहू लागले. ते धोंडे कोणाला दिसणार होते?

त्याच आठवड्यात खडकवासला धरणातून पाणी सोडले होते आणि नेहमीप्रमाणे मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला होता. काठावर बघ्यांची गर्दी होती. मुलगी कठड्याला टेकून विचारत होती, पूल नक्की कुठे आहे. आणि मी गढूळ पाण्याकडे बोट दाखवून तिला सांगत होते, तिथे, अगदी तिथेच. घरी आल्यावर तिने बटण पुन्हा डब्यात ठेवले, किल्लीच्या शेजारी.