तुम्ही विचारलंत म्हणून: इनिट कन्स्ट्रक्टर की इनिशियलायझर?

सांगलीत विश्रामबागला मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. क्लास (ऑब्जेक्टचा साचा) हा विषय निघाला की त्यातून नवा ऑब्जेक्ट होताना आपोआप चालणाऱ्या इनिट या फंक्शनबद्दल कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इनिटला कन्स्ट्रक्टर म्हणायचं की इनिशियलायझर?" इंटरव्ह्यू देऊन आलेली मुलं तर फोन करतात. कन्स्ट्रक्टर म्हणजे बांधणारा, इनिशियलायझर म्हणजे सुरुवातीच्या किमती भरणारा. माझं उत्तर ठरलेलं आहे: इनिशियलायझर. पण का, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पोती काट्यावर चढली की ते पावतीपुस्तक उघडत. पावती छापलेली, वर नंबर पडलेला. नाव, पोती, वजन, भाव मात्र कोरं. कार्बन सरळ करून ते लिहायला घेत. पावती त्यांनी बनवलेली नसायची, ते ती भरायचे.

इनिट हेच करतं. त्याचा पहिला पॅरामीटर बघा: सेल्फ, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. सेल्फ हातात आला, म्हणजे ऑब्जेक्ट आधीच जन्मलाय. तो आणून देतं न्यू, इनिटच्या आधी चालणारं फंक्शन. न्यूला सेल्फ मिळत नाही, क्लास मिळतो, आणि ऑब्जेक्ट परत करायचं काम त्याचं. इनिटमधून नन (पायथनमधलं 'काहीच नाही') सोडून काहीही रिटर्न करून बघा, टाइपएरर येते.

गोंधळ जावा या दुसऱ्या भाषेमुळे होतो, तिथे अशा फंक्शनला कन्स्ट्रक्टर म्हणतात. तिथेही जागा आधी मिळते, फील्डमध्ये शून्य किंवा नल पडतं, मग कन्स्ट्रक्टर चालतो. काम भरण्याचं, नाव बांधणाऱ्याचं. तरी जावाच्या पेपरात कन्स्ट्रक्टरच लिहा, ती त्या भाषेची संज्ञा आहे. स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ साली सुरू केलेल्या, पुढे सी प्लस प्लस झालेल्या भाषेत तर कन्स्ट्रक्टरचंच नाव आधी न्यू होतं! रुबी या भाषेने सरळ इनिशियलाइझ म्हटलं, स्विफ्टने इनिट. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये अलॉक (जागा घेणं) आणि इनिट (ती भरणं) असे दोन कॉल शेजारी शेजारी लिहितात. मला ती पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

हा फरक कामातही पडतो. एका विद्यार्थिनीने फ्लोटपासून (पायथनचा दशांश संख्यांचा क्लास) इनहेरिट करून, म्हणजे त्याच्यावर आधारून, 'वजन' नावाचा क्लास लिहिला. इनिटमध्ये एका दशांशापर्यंत राउंड केलं, तरी स्क्रीनवर ४८.२३७ च. रडकुंडीला आली होती. फ्लोटची किंमत न्यूमध्येच ठरते, नंतर बदलत नाही. पावतीचा नंबरही वडिलांना बदलता येत नसे, तो छापखान्यातच पडायचा. तिने राउंडची ओळ न्यूमध्ये नेली आणि ४८.२ आलं.