कॅल्शियम चढेना तेव्हा

६२ वर्षांच्या बाई ‘फिटची पेशंट’ म्हणून आल्या. दोन झटके, दोन सीटी स्कॅन, दोन्हींत काही नाही, झटक्यांवरचं औषध फेनिटॉइन सुरू. बोटांना मुंग्या येतात हे त्या प्रत्येक डॉक्टरला सांगत होत्या, तरी कॅल्शियम कुणी तपासलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

कॅल्शियम कमी आहे का हे खाटेजवळच पाहायची एक चाचणी आहे: बीपीचा पट्टा वरच्या दाबाहून २० मिमी जास्त फुगवून तीन मिनिटं ठेवायचा; कमी असेल तर हात आखडतो. दुसऱ्याच मिनिटाला मनगट वाकलं, अंगठा तळहातात वळला. कॅल्शियम ५.९; ते ज्या प्रथिनाला चिकटून असतं ते अल्ब्युमिन ३.४ असल्याने हिशेबाने ६.४, तरीही फारच कमी. ईसीजीत क्यूटीसी, म्हणजे हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला लागणारा वेळ, ५३०, लांबलेला. कॅल्शियम ग्लुकोनेट १०%, १० मिली, डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून मॉनिटरवर नजर ठेवत दहा मिनिटांत दिलं, मग सलाइनमधून सावकाश. कॅल्शियम क्लोराइड टाळलं, कारण ते शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते. त्याच नळीतून बायकार्बोनेटही देऊ नये, साका धरतो.

मुंग्या थांबल्या आणि काही तासांत परत आल्या. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम तिथेच. कॅल्शियम वर ठेवणारं, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन पीटीएच १६, म्हणजे लॅबच्या १५ ते ६५ च्या चौकटीत, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पण कॅल्शियम इतकं खाली असताना तो कितीतरी वर हवा. १६ म्हणजे ग्रंथी गप्प बसल्यात. ग्रंथींना इजा व्हावी असं मानेचं ऑपरेशन तर कधी झालेलं नाही.

मग मॅग्नेशियम मागवलं: ०.७, फारच कमी. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ते नसतं, वेगळं लिहावं लागतं; पहिल्या दिवशी मीही लिहिलं नव्हतं. मॅग्नेशियम फार घटलं की पॅराथायरॉइडमधून हॉर्मोन सुटत नाही, आणि जे सुटतं त्याला हाडं व मूत्रपिंडं दाद देत नाहीत. वरून कितीही कॅल्शियम ओता, टिकत नाही.

मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे क्रिएटिनिनवरून पाहून मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम १५ मिनिटांत, नंतर चोवीस तासांत ६ ग्रॅम. घाईने दिलेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, म्हणून सावकाश, तीन-चार दिवस; मॅग्नेशियम जास्त तर होत नाही ना, यासाठी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे दर पाळीत तपासत. दुसऱ्या दिवशी पीटीएच ९८. कॅल्शियमला सावरायला आणखी चार दिवस लागले.

कारण औषधांच्या पिशवीत होतं: चार वर्षं रोज ओमेप्राझोल, ॲसिडिटीची गोळी. या गटातल्या गोळ्यांनी मॅग्नेशियम उतरतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच दिला होता. गोळी बंद करून ॲसिडिटीसाठी वेगळ्या गटातलं फॅमोटिडिन दिलं. फेनिटॉइन ड जीवनसत्त्वाचा नाश वाढवतं, म्हणजे झटक्यांवरचं औषधच कॅल्शियम आणखी पाडू शकत होतं. तेही हळूहळू उतरवून थांबवलं. त्यानंतर झटका आलेला नाही. मॅग्नेशियम दर महिन्याला तपासतो आहे.