पेपर वाचायच्या आधीच चार वेळा परत

आमचा संशोधनाचा पेपर जर्नलमध्ये छापून आला त्याला आता दोन महिने झाले. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाले, प्राचार्यांनी हात मिळवून झाला. तरी 'टेक्निकल चेक', म्हणजे परीक्षकांकडे जाण्याआधी फाइली नियमांत बसतात का याची तपासणी, हे दोन शब्द कुठे दिसले की माझं डोकं उठतं. पेपर पहिल्यांदा पाठवल्यापासून तो एखाद्या शास्त्रज्ञासमोर जाईपर्यंत सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत त्यातलं विज्ञान कोणी वाचलंच नाही. तपासले ते ओळींचे क्रमांक, चित्रांचे डीपीआय (दर इंचाला किती ठिपके) आणि ईमेल पत्ते.

विषय थोडक्यात सांगते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजन शेतांतली माती आणि तिथलं कोरगुट भात यावर आम्ही तिघांनी काम केलं. मी, माझे निवृत्त मार्गदर्शक सर आणि एमएस्सीची एक विद्यार्थिनी. खाजन म्हणजे बांध घालून खाडीकडून सोडवून घेतलेली जमीन. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं, त्याला बाहेर थोपवतात ते बांध आणि मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार. मातीची क्षारता ३ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साधारण भाताचं उत्पन्न घटायला लागतं. कोरगुट त्यापुढेही तग धरतं, म्हणून खारट शेतात तेच पेरतात. रायबंदरच्या फेरीबोटीतून मातीच्या पिशव्या आणणं, वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात बिया रुजवून बघणं, आकडे मांडणं, सगळं वर्षभरात झालं. लिहायला दोन महिने लागले आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एवढंच सांगते, पद्धतीचा भाग आधी लिहून टाका, वही ताजी असते तोवर. सारांश सगळ्यात शेवटी.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवडाभर आधी पेपर पाठवायला बसले. ओसरीत गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळं येऊन पडली होती, आणि मी आत जर्नलच्या पोर्टलवर लेखाचा प्रकार निवडा, सारांश डकवा, शोधशब्द द्या, लेखकांची नावं भरा असं करत होते. शेवटी सगळ्या फाइली जोडून पोर्टल एक पीडीएफ बनवतं, ती उघडून बघायची आणि मंजुरी द्यायची. ही मंजुरी दिल्याशिवाय पेपर जात नाही, नुसता पडून राहतो. आमच्या विभागातल्या एकाचा तीन आठवडे तसाच पडला होता आणि तो रोज उत्तराची वाट बघत होता. मी मंजुरी दिली, देवाला नमस्कार केला आणि माटोळीच्या तयारीला लागले.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला ईमेल. तुमचा पेपर परत पाठवला आहे.

हे पहिलं परतणं माझ्याच चुकीमुळे झालं. जर्नलची पद्धत अशी की लेखक कोण ते परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षक कोण ते लेखकाला. मी मुख्य फाइलमधून नावं काढली होती, आभारही काढून वेगळ्या शीर्षकपानावर टाकले होते. पण पद्धतीच्या भागात 'नमुने आमच्या अमुक कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासले' हे वाक्य तसंच राहिलं. शिवाय वर्डच्या फाइलीच्या पोटात लेखकाचं नाव आपोआप नोंदलेलं असतं. ते 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मध्ये जाऊन काढावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. ओळींचे क्रमांकही प्रत्येक पानावर एकपासून सुरू होत होते, ते सलग हवेत. तासाभरात सगळं दुरुस्त करून पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा परत. आकृती क्रमांक १ चं रिझोल्यूशन अपुरं. किमान ३०० डीपीआय आवश्यक.

आकृती १ म्हणजे आमचा नकाशा. चोडण बेट, मांडवी, कुठून नमुने घेतले ते ठिपके आणि मानशीच्या जागी काळा त्रिकोण. मी तो फोटोच्या प्रोग्राममध्ये उघडला, रिझोल्यूशनच्या रकान्यात २०० च्या आसपासचा आकडा होता तो पुसून ३०० टाइप केला आणि सेव्ह करून पाठवला. झालं की, ३०० मागितले, ३०० दिले!

पुढच्याच दिवशी तिसऱ्यांदा परत. तेच वाक्य, स्वल्पविरामासकट तेच. मी चिडून उत्तर लिहिलं की फाइल ३०० डीपीआयचीच आहे, कृपया नीट उघडून पाहावी. उत्तराला उत्तर म्हणून पुन्हा तेच वाक्य आलं, सोबत मार्गदर्शक सूचनांची लिंक. पलीकडे माणूस बसलाय की यंत्र, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मला ते समजावलं ते डिचोलीच्या बाजारात फ्लेक्स छापणाऱ्या मुलाने. आमच्या मंडळाचा चवथीचा बॅनर घ्यायला गेले होते, सहज त्याच्यापुढे गाऱ्हाणं गायलं. त्याने पेनड्राइव्ह लावून नकाशा उघडला, मोठा केला आणि हसला. "मॅडम, लोक आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नेत्यांचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात वीस फुटांवर छाप. तसंच हे." डीपीआय हा आकडा एकटा काही सांगत नाही, म्हणाला. फोटोत ठिपके किती आणि ते किती रुंदीवर पसरायचे, या दोन्हींचा हिशेब लागतो. जर्नलला नकाशा पानाच्या पूर्ण रुंदीचा, १७.४ सेंटिमीटरचा हवा होता. त्याला ३०० च्या हिशेबाने सुमारे २,०५५ पिक्सेल लागतात. माझ्या फाइलमध्ये होते १,३८०. मी ३०० टाइप केल्याने ठिपके वाढले नव्हते, नकाशा फक्त कागदावर लहान झाला होता, जेमतेम ११.७ सेंटिमीटरचा. जर्नलवाले तो ताणून बघत होते आणि परत करत होते. त्यांचं बरोबर होतं. (हे लिहायला आजही जिवावर येतं.)

मग बाकीचे पिक्सेल गेले कुठे? वर्डने खाल्ले. विद्यार्थिनीने नकाशा क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये छान काढला होता. मी तो सोयीसाठी वर्डमध्ये डकवला आणि नंतर तिथूनच राइट क्लिक करून फोटो म्हणून बाहेर काढला. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं दाबून टाकतं, न सांगता, आणि नेहमीचं माप २२० चं. ए-फोर कागदावर एकेक इंच समास सोडला की चित्राला साधारण सव्वासहा इंच उरतात. गुणाकार करून बघा, १,३८० च्या आसपासच येतात. सेटिंग्जमध्ये 'फाइलमधली चित्रं दाबू नका' असा पर्याय आहे, तो आधीच लावून ठेवा. त्याहून बरं म्हणजे आकृत्या वर्डमध्ये नेऊच नका. मूळ प्रोग्राममधून थेट टिफ फाइल काढा. एलझेडडब्ल्यू हा पर्याय निवडला तर फाइल हलकी होते आणि चित्राचं काही बिघडत नाही.

मूळ क्यूजीआयएस फाइल मागितली तर विद्यार्थिनी रडायच्या बेताला आलेली. लॅपटॉप बिघडला म्हणून भावाने तो फॉरमॅट करून आणला होता. ती चवथीला पेडण्याला गावी, मी डिचोलीला. मग जीपीएसची वही काढली आणि दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर रात्री एकेका जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर एकमेकींना वाचून दाखवत अख्खा नकाशा नव्याने काढला. मध्ये दोनदा वीज गेली. साडेबाराला ६०० डीपीआयची फाइल तयार झाली. शंभरऐवजी चारशे टक्के मोठी केली तरी त्रिकोणाची कड धारदार दिसत होती. मी ती पंधरा मिनिटं नुसती मोठी-लहान करत बसले.

चौथं परतणं तर नकाशामुळेही नव्हतं. सहलेखकाने सहमती दिलेली नाही, असं कारण. पोर्टल प्रत्येक सहलेखकाला एक लिंक पाठवतं आणि त्याने तिच्यावर क्लिक करून 'होय, मी यात आहे' म्हणायचं असतं. सरांचा कॉलेजचा पत्ता निवृत्तीबरोबर बंद झालेला, मी जुन्या सवयीने तोच भरलेला. नवा दिला, तर ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला. सर फोनवर म्हणाले, "अगं, मला रोज दहा जर्नलवाले आदरणीय प्राध्यापक म्हणून बोलावतात, त्यातलाच एक समजून मी पुसून टाकला." त्यांना तरी काय म्हणणार! तसले ईमेल मलाही येतात. अठ्ठेचाळीस तासांत स्वीकारू, इतके पैसे भरा. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नवीन मुलं त्यात जास्तच फसताहेत असं मला वाटतं. पैसे आधी मागितले की तो दरवाजा बंद करा. शेवटी मी साखळीला सरांच्या घरी गेले, त्यांच्या फोनवर लिंक उघडली, त्यांनी चष्मा शोधून क्लिक केलं. वहिनींनी नेवऱ्या दिल्या. पाचव्या खेपेला पेपर आत गेला.

पैशांवरून आठवलं. स्वीकारल्यानंतर एक पान येतं, ओपन अ‍ॅक्सेस (पेपर कोणालाही फुकट वाचता येतो) हवं का नेहमीची पद्धत. ओपन अ‍ॅक्सेस निवडलं तर बिल डॉलरमध्ये, कॉलेजच्या शिक्षकाला झेपणारं नाही. आमच्या जर्नलात दुसरा पर्याय फुकट होता, पण तो खाली बारीक अक्षरात. घाईत 'पुढे' दाबू नका.

परीक्षकांबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. दोघं होते. एकाने विचारलं, खाजन म्हणजे नक्की काय, सामान्य पाणथळ भातशेतीहून वेगळं कसं? मला आधी राग आला, मग लक्षात आलं की आपण गोव्याबाहेर कोणाला हे कधी समजावलेलंच नाही. मानशीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, हे लिहिताना मलाच मजा आली. दुसऱ्याने क्षारता मातीच्या संपृक्त चिखलातून मोजली की पाणी मिसळून, ते विचारलं. आकडे दोन्ही पद्धतींत वेगळे येतात, प्रश्न रास्त होता. प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर आणि कुठल्या ओळीत बदल केला तो क्रमांक, असं लिहून पाठवलं. एवढ्यावर दोघंही समाधानी.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला आधीच कोणीतरी सांगायला हवी होती. माझा पहिला पेपर माहेरच्या आडनावावर आहे. लग्नानंतरचे सासरच्या. दोन वेगळ्या बायका असल्यासारखं ते वर्षानुवर्षं दिसत होतं. ऑर्किड (ORCID, फूल नव्हे, संशोधकांची ओळख-नोंद) चा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, त्यात दोन्ही नावं घालता येतात, पेपर एकत्र येतात. आणि छापण्याआधीचं प्रूफ येईल तेव्हा आपलं नाव अक्षर अक्षर वाचा. आमच्या प्रूफमध्ये नवऱ्याचं नाव माझं आडनाव झालं होतं. उत्तर द्यायला दोन दिवसच दिले होते.

त्याच प्रूफमध्ये आभार परत आले होते. बियाणं देणाऱ्या चोडणच्या आजोबांचं नाव त्यात होतं. ते मला फेरीवर भेटले की विचारायचे, "तुज्या पेपराचें कितें जालें गो?" छापील प्रत घेऊन गेले. त्यांनी नावाची ओळ माझ्याकडून वाचून घेतली, मग पान उलटून नकाशावर बोट ठेवलं.

"ही म्हजी मानस?"

हो म्हटलं.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"इतली ल्हान?"