जोर डोक्यावर, अर्थ शेपटीला

आइंडहोव्हनला आल्यावर गल्लीच्या तोंडावरची पाटी शेजारच्या डच आजींना वाचून दाखवली: बेस्टेमिंग्सफेरकेर. म्हणजे याच भागात काम असणाऱ्यांची वाहनं. सगळी अक्षरं एका पट्टीत म्हटली, आजींना काही कळेना. मग त्यांनी बोटांवर मोडून दाखवलं, बे-स्टेम-मिंग्स-फेर-केर, ‘स्टेम’वर आवाज चढवला आणि पुढचं सगळं उताराला सोडून दिलं.

गंमत बघा, नुसतं ‘फेरकेर’ (रहदारी) म्हणताना जोर ‘केर’वर असतो. मागे शब्द बसला की तो दबतो. डच जोडनामांत मुख्य जोर बहुधा पहिल्या शब्दाला मिळतो. ‘झीकनहाउस’ म्हणजे रुग्णालय, तिथे ‘झी’ ठासून म्हणायचा. अर्थ आणि लिंग मात्र शेवटचा शब्द ठरवतो: ‘हाउस’ला ‘हेट’ हे नपुंसकलिंगी उपपद लागतं, म्हणून झीकनहाउसलाही तेच. आपला तत्पुरुषच की हा! वाड्यामुळे राजवाडा पुल्लिंगी, शाळेमुळे पाठशाळा स्त्रीलिंगी. फक्त मराठीत जोर इकडचा तिकडे झाल्याने अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपायला शिकलेलाच नसतो.

इथे तो टिपावाच लागतो. ‘फोरकोमन’मध्ये ‘फोर’वर जोर दिला तर ‘घडणे’, ‘को’वर दिला तर ‘टाळणे’. डॉक्टर आजाराबद्दल बोलत असताना हा फरक लहान नाही. माझा सगळ्यात आवडता शब्द लिहिताना एकच दिसतो, पण त्याची शिवण दोन ठिकाणी उसवते: ‘मासा-खेबेट’ म्हणजे सामूहिक प्रार्थना, जोर ‘मा’वर, ‘मासाझे-बेट’ म्हणजे मालिशचा पलंग, जोर ‘सा’वर.

तेव्हापासून लांब शब्द दिसला की मी आधी शिवण शोधते. काम करण्याची क्षमता गेली तर आधार देणाऱ्या विम्याचं नाव रोमन लिपीत 33 अक्षरी आहे: आरबाइट्स-ऑनखेस्खिक्टहाइट्स-फेरझेकरिंग. दोन्ही सांध्यांवरचा ‘स्’ टाक्यासारखा हाताला लागतो, आणि तिथे थांबलं की ते नाव घाबरवत नाही.

नियमाला न जुमानणारेही आहेत. नगरपालिकेच्या इमारतीला ‘स्टाटहाउस’ म्हणतात आणि जोर चक्क ‘हाउस’वर. याचं कारण विचारल्यावर आजींनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.