जुन्या बुद्धिबळ प्रोग्रामांचे सामने: घड्याळ, पातळी आणि पंच

नोव्हेंबर १९६६ मध्ये दोन प्रोग्रामांचा सामना तारेने सुरू झाला. एकीकडे स्टॅनफर्डच्या आयबीएम ७०९० वर चालणारा कोटोक-मॅकार्थी, दुसरीकडे मॉस्कोच्या आयटीईपी संस्थेचा, एम-२ संगणकावर चालणारा प्रोग्राम. चार डावांना नऊ महिने लागले आणि मॉस्कोने ३-१ ने बाजी मारली. पण हा निकाल जरा उलगडून बघण्यासारखा आहे. मॉस्कोच्या प्रोग्रामला तीन प्लायपर्यंत (म्हणजे तीन अर्ध्या खेळ्या) बघायला लावलं होतं ते दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पाच प्लायपर्यंत बघायला लावलं ते दोन्ही त्याने जिंकले. प्रोग्राम तोच, प्रतिस्पर्धी तोच, फक्त पातळी बदलली.

आज एमुलेटरवर (म्हणजे जुनं यंत्र आजच्या संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रामवर) दोन जुने प्रोग्राम समोरासमोर बसवताना हीच गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात घ्यावी लागते. "लेव्हल ३ विरुद्ध लेव्हल ३" असा सामना लावून काहीच कळत नाही, कारण दोन प्रोग्रामांच्या लेव्हल ३ चा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. एकात ती तीन प्लाय असते, दुसऱ्यात खेळीमागे सरासरी वेळ. शिवाय एक जण तिसऱ्या प्लायनंतरही मारामारी संपेपर्यंत पुढे बघतो, दुसरा तिथेच थांबून मोहरी मोजतो. त्यामुळे सामना लावायचा तो वेळेवर.

पहिली जोडी एकाच यंत्रावरची निवडावी. ॲपल २ वर सारगॉन २ विरुद्ध मायक्रोचेस २.०, किंवा कमोडोर ६४ वर सारगॉन ३ विरुद्ध कोलोसस ४. प्रोसेसर एकच, वेग एकच, त्यामुळे निम्मे वाद तिथेच मिटतात. यंत्रं वेगळी असतील तर मेगाहर्ट्झची तुलना करू नये. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा झेड८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो आणि कमोडोरचा ६५०२ घराण्यातला प्रोसेसर जेमतेम एकावर. पण ६५०२ ची एक सूचना २ ते ७ ठोक्यांत उरकते, झेड८० ला ४ पासून २० च्या वर ठोके लागतात. म्हणून प्रत्येकाला त्याच्या मूळ यंत्राच्या मूळ वेगावर ठेवावं आणि खेळीमागे सारखा वेळ द्यावा.

पातळी जुळवायची रीत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. मधल्या डावातल्या पाच-सहा स्थिती घ्या: एक गुंतागुंतीची, एक बंद, एक वजीर गेलेली, एक शहाच्या धमक्यांनी भरलेली. प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक पातळीवर त्या द्या आणि स्टॉपवॉच लावून सरासरी काढा. पुस्तिकेत छापलेल्या वेळेवर विसंबू नका. निश्चित प्लायच्या पातळीवर साध्या एंडगेमची (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याची) खेळी काही सेकंदांत येते आणि भरगच्च पटावर तीच पातळी कित्येक मिनिटं घेते. दोघांच्या सरासरीत वीस टक्क्यांपर्यंत फरक राहिला तर चालतो. एखाद्या प्रोग्रामला फक्त प्लायच्या पातळ्या असतील तर त्याची सरासरी आधी काढा आणि वेळेवर चालणाऱ्या दुसऱ्याला तिच्याशी जुळवा. उलटं करता येत नाही.

आता एमुलेटरच्या घड्याळाबद्दल. सगळ्यात जास्त सामने बिघडतात ते इथेच. व्हाइससारखा कमोडोरचा एमुलेटर अख्खं यंत्र ठोक्याठोक्याने चालवतो. ऑल्ट-डब्ल्यू दाबून वॉर्प (शक्य तितका वेग) चालू केलं की प्रोसेसरसोबत यंत्राच्या आतलं घड्याळही तितकंच पळतं. वीसपट वेग मिळाला तर तीन मिनिटांची खेळी नऊ सेकंदांत येते, आणि प्रोग्रामच्या लेखी ती तीन मिनिटांचीच असते. खेळाचा दर्जा तसूभरही बदलत नाही. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस पीसीच्या एमुलेटरमध्ये मात्र घड्याळ तुमच्या खऱ्या संगणकाच्या वेळेला बांधलेलं असतं. तिथे कंट्रोल-एफ१२ ने सायकल्स (दर मिलिसेकंदाला चालणाऱ्या सूचना) वाढवल्या की तेवढ्याच मिनिटात जास्त गणित होतं आणि प्रोग्राम खरोखर ताकदवान होतो. म्हणून डॉसबॉक्समध्ये सायकल्सचा आकडा पक्का करून ठेवायचा. ३००० म्हणजे ढोबळमानाने २८६ चा वेग. "ऑटो" अजिबात ठेवू नये. प्रोग्राम प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला की ऑटो थेट कमाल वेगावर जातं, आणि मग मागे दुसरं काय चालू आहे यावर खेळाची ताकद ठरते.

पाल (५० हर्ट्झ) आणि एनटीएससी (६० हर्ट्झ) या टीव्हीच्या दोन पद्धती हा आणखी एक खड्डा. स्क्रीनच्या इंटरप्टवरून सेकंद मोजणारा, ६० हर्ट्झसाठी लिहिलेला प्रोग्राम ५० हर्ट्झच्या यंत्रावर चालवला की त्याचं मिनिट ७२ सेकंदांचं होतं. प्रतिस्पर्ध्यापेक्षा वीस टक्के जास्त वेळ त्याला फुकट मिळतो. प्रोग्राम कोणत्या यंत्रासाठी निघाला ते बघून एमुलेटरचं मॉडेल निवडा.

समोरच्याच्या वेळात विचार करण्याची सोय दोघांतही बंद असलेली बरी. बंद करण्याचा पर्यायच नसेल तर ज्याची पाळी नाही तो एमुलेटर पॉज करा. खऱ्या यंत्रावर हा उपाय नाही. तिथे दोघांनाही ती सोय असू द्या, किंवा एकालाच आहे हे निकालासोबत स्पष्ट लिहा.

खेळ्या इकडून तिकडे पोचवणारा माणूस हा या सामन्याचा सगळ्यात कच्चा दुवा. नेहमीची चूक म्हणजे उलटा पट. प्रोग्राम काळ्याकडून खेळताना पट फिरवून दाखवतो आणि कर्सरने खेळी देताना माणूस पडद्यावरच्या जागेवर विसंबतो. पट १८० अंशांत फिरवला की ई२-ई४ ची खेळी डी७-डी५ होते आणि डी२-डी४ ची ई७-ई५. दोन्ही अगदी नेहमीच्या, कायदेशीर खेळ्या! त्यामुळे काही बिनसलंय हे सहा-सात खेळ्या झाल्या तरी लक्षात येत नाही. यावर खात्रीचा इलाज म्हणजे तिसरा पट. विनबोर्ड किंवा एक्सबोर्ड हा पट दाखवणारा प्रोग्राम उघडून, कायदेशीरपणाची तपासणी चालू ठेवून प्रत्येक खेळी तिथेही करायची. तो पट पंच. दर पाच खेळ्यांनी तिन्ही पट ताडून बघा, आणि कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) झाल्यावर तर लगेच. व्हाइसमध्ये दर दहा खेळ्यांनी स्नॅपशॉट (यंत्राची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) ठेवला तर चूक सापडल्यावर डाव पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही.

पत्त्यांचा घोळ किती होऊ शकतो हे बघायचं तर १९७६ चा, पीटर जेनिंग्जचा मूळ मायक्रोचेस घ्या. हा केआयएम-१ या एकाच पाटीच्या संगणकावरचा प्रोग्राम. एक किलोबाइटच्या आत बसतो आणि पडदा म्हणून त्याला सहा आकड्यांची दिव्यांची पट्टी मिळते. सी दाबलं की मोहरी मांडली जातात, पीसी दाबलं की तो खेळतो, ई दाबलं की बाजू बदलतात, एफ दाबलं की तुम्ही दिलेली खेळी नोंदली जाते. त्याने "०एफ १३ ३३" दाखवलं तर ०एफ म्हणजे राजासमोरचं प्यादं, १३ हे निघालेलं घर आणि ३३ हे पोचलेलं. म्हणजेच ई२-ई४. घरांची मोजणी ० ते ७, पहिला आकडा रांगेचा, दुसरा स्तंभाचा. आणि ०० हे घर नेहमी समोरच्या खेळाडूच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात. त्यामुळे मायक्रोचेस पांढऱ्याकडून खेळताना ००  म्हणजे एच१ आणि ई४ म्हणजे ३३. तोच काळ्याकडून खेळू लागला की ०० म्हणजे ए८ आणि ई४ म्हणजे ४४. एकाच घराच्या दोन पत्त्यांची बेरीज नेहमी ७७ येते, हे ध्यानात ठेवलं की तक्ता बघावा लागत नाही.

या मायक्रोचेसला कॅसलिंग, एन पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं जाता जाता मारणं) आणि बढती (शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा वजीर वगैरे होणं) येत नाही. समोरच्याने कॅसलिंग केलं तर राजा आणि हत्ती अशा दोन वेगळ्या खेळ्या भरून ते त्याच्या गळी उतरवता येतं. १९८२ च्या झेडएक्स८१ वरच्या डेव्हिड हॉर्नच्या बुद्धिबळातही हे तिन्ही नियम नाहीत. सगळा प्रोग्राम अवघा ६७२ बाइटचा, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. अशा प्रोग्रामांना एकमेकांशीच खेळवावं. दोघांनाही तेच नियम माहीत नसतील तर सामना बरोबरीच्या पायावर होतो, आणि तो फार मजेशीरही होतो. पूर्ण नियम येणाऱ्याशी गाठ घालायचीच असेल तर पहिला डाव सुरू होण्याआधी ठरवा: प्रोग्रामला न कळणारी कायदेशीर खेळी समोरून आली तर ती मांडणीच्या सोयीने पटावर बसवायची, आणि प्रोग्रामने स्वतः बेकायदेशीर खेळी केली तर तो डाव हरला.

दुसरा मोठा प्रश्न एकसुरीपणाचा. यातले बरेच प्रोग्राम तीच स्थिती, तीच पातळी मिळाली की तीच खेळी करतात. प्रोग्राममध्ये साठवलेलं सुरुवातीच्या खेळ्यांचं पुस्तक संपलं, किंवा मुळात नसलंच, तर दहा डाव म्हणजे एकाच डावाच्या दहा प्रती. म्हणून सुरुवाती बाहेरून द्याव्या लागतात. चार-चार खेळ्यांच्या आठ सुरुवाती निवडा, प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवा. सोळा डाव झाले. उघड्या आणि बंद दोन्ही प्रकारच्या असू द्या, आणि दोन्ही बाजूंना समान संधी राहील अशाच. सुरुवात मात्र एकेक खेळी भरून द्यायची, मांडणीच्या पडद्यावर मोहरी ठेवून नाही. मांडणीतून आलेल्या स्थितीत कॅसलिंगचा हक्क शिल्लक आहे की नाही हे अनेक प्रोग्रामांना कळत नाही. काही तो हक्क काढूनच घेतात. मग राजा मध्येच अडकून पडतो आणि दोष प्रोग्रामला लागतो.

डाव कुठे थांबवायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे: मात, ५० खेळ्यांचा नियम (तेवढ्यात काही मारलं गेलं नाही की प्यादं हललं नाही तर बरोबरी), तीनदा तीच स्थिती, मात अशक्य होईल इतकी कमी मोहरी, किंवा स्टेलमेट (शह नाही, पण करायला खेळीही नाही). आधुनिक इंजिनाला विचारून "पांढरा जिंकला" असं जाहीर करू नये. एक हत्ती जास्त असणं आणि त्या हत्तीने मात करणं यांत जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत मोठं अंतर असतं. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा या एंडगेममध्ये मात करायला १६ खेळ्यांपर्यंत लागू शकतात. तीन-चार प्लाय बघणाऱ्याला ती मात दिसणं शक्यच नाही. विरोधी राजाला कडेला ढकलण्याला गुण द्यायचे असं कोणी मूल्यमापनात लिहून ठेवलं नसेल, तर तो हत्ती पटभर हिंडवत बसतो आणि पन्नास खेळ्या संपतात. मार्टिन ब्रायंटचा कोलोसस ४ इथेच उठून दिसतो. त्याला ५० खेळ्यांचा नियम, पुनरावृत्ती, वजिराऐवजी दुसऱ्या मोहऱ्याची बढती हे सगळं येतं, आणि उंट-घोड्याची मातही. ही मेहनत निकालात दिसायला हवी. मध्येच डाव तोडला तर ती दिसत नाही.

पुनरावृत्ती आणि पन्नास खेळ्या पंचाने मोजायच्या. प्रोग्रामला त्या कळत नसतील तर जिंकत आलेला डावही तो तीच ये-जा करून घालवतो. ती बरोबरीच धरायची.

सोळा डावांनी काय सिद्ध होतं? फार थोडं. दोघे तुल्यबळ धरले तर सोळा डावांच्या निकालात साधारण १६० एलो गुण (बुद्धिबळातलं ताकदीचं मानांकन) इकडेतिकडे इतकी अनिश्चितता राहते. शंभर डावांनी ती साठच्या आसपास येते. २०० गुणांचा फरक असलेल्यांत वरच्याला ७६ टक्के गुण मिळणं अपेक्षित असतं, म्हणजे सोळापैकी बारा. त्यामुळे ९-७ निकाल आला तर कोण सरस हे ठरलं असं म्हणू नका. १३-३ आला तर म्हणायला हरकत नाही.

शंभर डाव हाताने खेळवणं कठीण, म्हणून डॉसच्या काळात ऑटो२३२ आलं. दोन पीसी सिरियल पोर्टला नल-मोडेम केबलने (दोन संगणक थेट जोडणाऱ्या) जोडायचे आणि रात्रभर त्यांचं त्यांना खेळू द्यायचं. स्वीडनच्या एसएसडीएफ या संघटनेची मानांकनयादी ४० खेळ्यांना २ तास या वेळेवर खेळवलेल्या डावांची, तेव्हा अशा सोयीशिवाय इतके डाव जमणं अवघडच होतं. आज दोन डॉसबॉक्सचे सिरियल पोर्ट नेटवर्कवरून एकमेकांना नल-मोडेमसारखे जोडता येतात. अडतं ते डावाच्या शेवटी: एकाने बरोबरी धरली किंवा डाव सोडला आणि दुसऱ्याला ते कळलंच नाही, तर दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. पहिले दोन-तीन डाव समोर बसून शेवटपर्यंत बघा, मगच रात्रीचा सामना लावा.

नोंद पीजीएनमध्ये (डाव लिहून ठेवायच्या प्रचलित मजकूर-स्वरूपात) ठेवा आणि प्रत्येक डावाच्या शीर्षभागात एवढं तरी लिहा: प्रोग्रामची नेमकी आवृत्ती, यंत्र, पाल की एनटीएससी, एमुलेटर आणि त्याची आवृत्ती, डॉसबॉक्स असेल तर सायकल्सचा आकडा, पातळी आणि तिची मोजलेली सरासरी वेळ, पुस्तक चालू की बंद, समोरच्याच्या वेळात विचार चालू की बंद. सारगॉनच्या नावाखाली वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे प्रोग्राम निघाले आहेत. नुसतं "सारगॉन" लिहिलेला डाव दुसऱ्या कोणाला पुन्हा खेळवून बघता येत नाही.