तिशीतला हिटर आणि हरणारा संघ

कॅलिफोर्नियातल्या वेस्ट सॅक्रामेंटोच्या बेसबॉल मैदानावर सामन्याआधी कठड्याशी पोरांची झुंबड असते. हातात चेंडू, टोप्या, मार्कर. सगळी थांबलेली असतात ती एकवीस-बावीस वर्षांच्या कुणा होतकरू खेळाडूसाठी, ज्याचं नाव मोसमाआधीच्या याद्यांमध्ये वरच्या नंबरावर असतं. त्याच कठड्याजवळून तिशीला टेकलेला एक गडी बॅट बगलेत धरून जातो. हेल्मेटवर पाइन टारचे, म्हणजे बॅटची पकड घट्ट राहावी म्हणून लावायच्या डांबराचे, काळे चिकट डाग, दाढीत एखादा पांढरा केस. पोरं त्याला वाट द्यायला जरा बाजूला सरकतात, एवढंच. सही कुणी मागत नाही.

मला मात्र हाच बघायचा असतो.

इथे रिव्हर कॅट्स खेळतात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ट्रिपल-ए संघ. मेजर लीग म्हणजे इथली सगळ्यात वरची बेसबॉल लीग, तिच्या खालची ही शेवटची पायरी. अशा खालच्या सगळ्या पायऱ्या मिळून मायनर लीग. ऑफिस सुटलं की पूल ओलांडून यायचं, स्वस्तातलं तिकीट काढायचं आणि उन्हाळ्यात नदीकडून वारा सुटेपर्यंत घाम पुसत बसायचं, हा माझा जुना नाद. नाशिकहून भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, म्हणजे तुमच्याकडची रणजीच की ही."

दिसायला तसंच आहे. पण रणजीत कोणी धावांचा डोंगर रचला तर निवड समितीला निदान त्याच्याकडे बघावं लागतं. इथे मायनर लीगमधला प्रत्येक खेळाडू कुठल्या तरी एका मोठ्या क्लबच्या दावणीला बांधलेला. क्लब ३०, आणि प्रत्येकाचे खाली सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असे चार संघ. तुझ्या जागेवर वरती कुणी लांबलचक करार करून बसला असेल, तर तू खाली कितीही हाण, वर जागा नाही. आणि मोसम चालू असताना दुसऱ्या क्लबला तू हवा असलास तरी तो तुला परस्पर उचलू शकत नाही. सहा-सात मोसम असे गेले आणि तरीही क्लबने मेजर लीगच्या चाळीस जणांच्या यादीत घेतलं नाही, तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, संपल्यावर पाच दिवसांनी सुटका. तोवर बहुतेकांची सत्ताविशी-अठ्ठाविशी उलटलेली असते, आणि बेसबॉलवाल्यांच्या हिशेबात माणूस 'होतकरू' या खणातून 'भरती' या खणात गेलेला असतो.

पैशाचंही सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं अमेरिकेतला व्यावसायिक खेळाडू म्हणजे गडगंज. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात ट्रिपल-एचा किमान पगार ठरला वर्षाला ३५,८०० डॉलर. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. म्हणजे वरती नऊ-दहा दिवस नुसतं डगआउटमध्ये बसलं तरी खालच्या वर्षाची कमाई सुटते. तिशीतला माणूस, घरी बायको-पोरं, आणि तरी तो एप्रिलमध्ये पुन्हा बसमध्ये चढतो. का चढतो, ते माईक यास्ट्रझेम्स्कीकडे बघून कळतं.

२०१९ च्या वसंतात तो इथे, याच मैदानावर होता. आडनाव दांडगं, कारण आजोबा कार्ल यास्ट्रझेम्स्की म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचं दैवत, हॉल ऑफ फेमवाले. नातवाला मात्र २०१३ मध्ये बाल्टिमोरने चौदाव्या फेरीत घेतलं आणि नंतर सहा वर्षं खालीच ठेवलं. मार्च २०१९ मध्ये जायंट्सनी त्याला मायनर लीगच्या एका पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, बदल्यात आणलं. बातमी दोन ओळींची. त्याने रिव्हर कॅट्ससाठी ४० सामन्यांत १२ होमरन, म्हणजे मैदानापारचे फटके, मारले, आणि तरी लोक नाक मुरडत होते. त्यांचंही चूक नव्हतं. त्याच वर्षी ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा चेंडू वापरायला लागले होते आणि जो उठेल तो होमरन मारत होता.

पण वर जायंट्सची अवस्था काय होती? मोसमाच्या पहिल्या सामन्यात डावीकडचा आणि उजवीकडचा आउटफिल्डर दोघेही काही दिवसांपूर्वी दुसरीकडून उचलून आणलेले. आउटफिल्ड कसलं, ठिगळांची गोधडीच. २५ मे रोजी यास्ट्रझेम्स्कीला वर बोलावलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. उरलेल्या मोसमात त्याने २१ होमरन मारले. सप्टेंबरमध्ये जायंट्स बॉस्टनला गेले आणि फेनवे पार्कवर, आजोबांच्या मैदानात, त्याने बॉस्टनचा पिचर नेथन इओवाल्डीचा चेंडू सरळ सेंटरफिल्डच्या पार धाडला. बॉस्टनच्या प्रेक्षकांनी प्रतिस्पर्ध्याच्या होमरनला टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी एमव्हीपीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तो आठवा आला.

हाच इओवाल्डी २०१८ मध्ये मॅक्स मन्सीच्या तावडीत सापडला होता. मन्सीची गोष्ट तर आणखी तिखट. ओकलंडकडून मेजर लीगमध्ये ९६ सामने, सरासरी .१९५, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका, आणि २०१७ चा मोसम उंबरठ्यावर असताना नारळ. गडी टेक्ससला घरी गेला आणि वडिलांबरोबर आपल्या जुन्या शाळेच्या नेटमध्ये चेंडू मारत बसला. एप्रिलअखेरीस लॉस एंजलिस डॉजर्सनी मायनर लीगचा करार दिला. तिथले जनरल मॅनेजर फरहान झैदी त्याला ओकलंडपासून ओळखत होते. अख्खा मोसम ओक्लाहोमा सिटीत, डॉजर्सच्या ट्रिपल-ए संघात. मग २०१८ मध्ये डॉजर्सच्या जस्टिन टर्नरचं मनगट मोडलं, डॉजर्सची सुरुवात गडगडली आणि मन्सी वर आला. ३५ होमरन. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात, सात तास वीस मिनिटांनी, अठराव्या इनिंगमध्ये इओवाल्डीला मारलेला तो विजयी होमरन बघायला मी जागी होते. शेजारच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं होतं, "अगं, अजून चालूच आहे?"

ते झैदीच पुढे जायंट्सचे प्रमुख झाले आणि यास्ट्रझेम्स्कीला घेऊन आले. हा योगायोग मी मानत नाही. टाकलेल्या मालातून नेमकं काय उचलायचं, हे त्या माणसाला कळत होतं.

काय उचलायचं? होमरन नव्हेत, एवढं माझं ठाम मत. होमरनला जागा फसवते. अल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेक, एल पासो ही मैदानं उंचावर, हवा विरळ, चेंडू भुर्रकन जातो. सॅक्रामेंटो जवळपास समुद्रसपाटीला, म्हणून इथले आकडे मला जरा जास्त खरे वाटतात. वॉकचे, म्हणजे पिचरने चार चेंडू बाहेर टाकल्यावर फुकट मिळणाऱ्या बेसचे, आकडेही जपून घ्यावे लागतात, कारण २०२३ मध्ये ट्रिपल-एमध्ये सगळीकडे यंत्राने स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू योग्य ठरवणारी चौकट, ठरवायला सुरुवात झाली आणि वॉक सुजले. २०२३ पासून ट्रिपल-एतल्या प्रत्येक फटक्याचा वेग कुणालाही बघता येतो, तो बघावा. पण त्याहीपेक्षा मी बघते तो एकच क्षण.

दोन स्ट्राइक झालेत, तिसऱ्याला बाद. पिचर स्लायडर टाकतो. निघताना स्ट्राइक वाटणारा, शेवटी बाहेर आणि खाली मरणारा. बावीस वर्षांच्या पोराचा पुढचा खांदा उघडतो, हात सुटतात, बॅट हवेत फिरते. तिशीतला तो दुसरा पुढचा पाय टेकवतो आणि तिथेच थांबतो. खांदा बंद. मनगटं कानाजवळ. चेंडू धुळीत आपटतो, कॅचर गुडघ्यावर पडून अडवतो, आणि हा अंपायरकडे बघतसुद्धा नाही. बाहेर येऊन हातमोज्याची पट्टी ओढतो, पुन्हा उभा राहतो. माझ्या पलीकडच्या खुर्चीत एक आजोबा पेन्सिलीने स्कोअरबुक भरत असतात, ते अशा वेळी चौकोनात बारीकसा ठिपका देतात आणि हुं करतात. ट्रिपल-एचे पिचर म्हणजे बरेचसे मेजर लीग चाखून आलेले. त्यांच्या स्लायडरला जो थांबतो, तो वरही थांबू शकतो.

शकतो, एवढंच. कारण फसलेल्यांची रांग मोठी आहे. माईक हेसमनने मायनर लीगमध्ये ४३३ होमरन मारले. २०१५ मध्ये टोलीडोच्या ट्रिपल-ए संघाकडून खेळताना त्याने अमेरिकेतल्या मायनर लीगचा जुना विक्रम मोडला. मेजर लीगमध्ये त्याचे होमरन १४, सरासरी .१८८. रायन शिम्फने २०१६ मध्ये २८ व्या वर्षी सॅन डिएगोकडून २० होमरन मारले, पुढच्या वर्षी सरासरी .१५८ वर आली आणि विषय संपला. असल्या लोकांना इथे 'क्वाड-ए' म्हणतात, ट्रिपल-एला भारी आणि मेजरला अपुरे. मला तो शिक्का आवडत नाही. हेसमनला सलग दोन मोसम रोज खेळवून कुणी पाहिलं होतं? दोन आठवडे दिले, चुकला, परत खाली. असं खेळून कुणाचं बस्तान बसतं?

आणि म्हणूनच मी हळूहळू हिटरपेक्षा वरच्या संघाकडे बघायला लागले. तिशीतल्या हिटरचा खरा तारणहार म्हणजे हरणारा संघ. जिंकणारा संघ चुका खपवून घेत नाही. हरणाऱ्याला कोणीतरी उभं करायचंच असतं. २ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टनने आपला तारा हुआन सोटो दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या कुलियाकानचा जोई मेनेसेस, वय ३०, पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उभा राहिला आणि पहिल्याच सामन्यात होमरन. ५६ सामन्यांत १३ होमरन आणि सरासरी .३२४. त्या संघाने त्या वर्षी १०७ सामने हरले होते. दोन वर्षांत मेनेसेस पुन्हा खाली गेला हेही खरं, पण ते दोन मोसम त्याचे झाले. ब्रेंट रूकर तर मिनेसोटा, सॅन डिएगो, कॅन्सस सिटी असा फिरून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वेव्हर्सवरून, म्हणजे क्लबने सोडून दिलेल्यांच्या यादीतून, ओकलंडच्या अॅथलेटिक्सच्या पदरात पडला. २०२३ मध्ये त्यांनी ११२ सामने हरले, आणि रूकरचे स्ट्राइकआउट ढिगाने होऊनही त्याला कुणी बसवलं नाही. ३० होमरन, आणि निवडक ताऱ्यांच्या ऑलस्टार संघात जागा. पुढच्या वर्षी ३९. मग पाच वर्षांचा सहा कोटी डॉलरचा करार. आता अॅथलेटिक्स तात्पुरते सॅक्रामेंटोच्या याच मैदानावर खेळतात, त्यामुळे मायनर लीगच्याच गवतावर तो करोडपती होऊन उभा राहतो. त्याच्या सह्यांसाठी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात.

भावाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग आपला सूर्या काय वेगळा? तिशीत आला आणि आर्चरला पहिल्याच चेंडूवर सिक्स."

त्याला मी डॅनियल नावा या खेळाडूची गोष्ट सांगितली. इथून वर दोनेक तासांवर चिको म्हणून गाव आहे. तिथल्या स्वतंत्र, म्हणजे कुठल्याही मोठ्या क्लबशी न बांधलेल्या, लीगच्या संघात हा खेळत होता. कॉलेजात उंची आणि अंगाने लहान म्हणून संघाचं सामान सांभाळायचा, कपडे धुवायचा. रेड सॉक्सनी त्याचे हक्क घेतले एका डॉलरला. १२ जून २०१० ला आउटफिल्डर जखमी झाले म्हणून वर बोलावलं. फेनवे पार्क, तिन्ही बेस भरलेले, आयुष्यातला पहिला मेजर लीग चेंडू, आणि ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा होमरन. वय २७. भाऊ क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "एक डॉलर म्हणजे तेव्हाचे किती रुपये गं?"

यंदाच्या रिव्हर कॅट्समध्ये माझ्या नजरेत एक जण आहे. नाव लिहीत नाही, दृष्ट लागते. दोन स्ट्राइकवर थांबतो, डाव्या पिचरलाही घाबरत नाही, आणि जायंट्सकडे त्याच्या जागेवर आधीच दोघे आहेत, म्हणजे इथे त्याचं काही होणार नाही. नोव्हेंबरात सुटणाऱ्यांची यादी लागेल तेव्हा त्यात तो असेल. मी आधी बघणार आहे तो मेजर लीगचा तक्ता, सगळ्यात तळाचे तीन-चार संघ, आणि मग त्यांच्यापैकी कुणी त्याला फोन केला का ते.